नाचाच्या पिक्चरवर चालणारे अण्णा

दाराच्या चौकटीपाशी आले आणि अण्णांचे पाय जमिनीला चिकटले. खोलीत बरे चालत होते. उंबरा दिसला की गाडी बंद. पुढे मी हात धरून उभी, मागे काकू पदर खोचून, आणि मध्ये हा फौजेतला उंचापुरा रिटायर्ड हवालदार नुसता थरथरत होता.

"मॅडम, डोकं म्हनतंय चल. पाय ऐकतच न्हाईत."

मी फिजिओथेरपिस्ट. कऱ्हाडला माझं छोटं क्लिनिक आहे आणि आसपासच्या गावांत होम व्हिजिट करते. अण्णांचं घर उंब्रजला. त्यांना पार्किन्सन्स होता. या आजारात पाय असे अचानक थिजतात, त्याला आम्ही फ्रीझिंग म्हणतो. पायात ताकद असते, पण पाऊल उचलायचा हुकूम मेंदूकडून वेळेवर पोचत नाही. दार, वळण, अरुंद जागा आली की जास्तच. अशा वेळी बाहेरून ठेका दिला तर पुष्कळांचं पाऊल सुटतं. त्या ठेक्याला आमच्या भाषेत क्यू म्हणतात.

मुलगा मुंबईला नोकरीत. अण्णांना उचलता उचलता काकूंची कंबर कामातून गेली होती. मुलानं मला फोनवर स्पष्टच सांगितलं, "आईला आता झेपत नाही. दिवाळीत मी येईन तेव्हा अण्णा आपले आपण बाथरूमपर्यंत जात असतील तर प्रश्नच नाही. नाहीतर पाचगणीला एक सेंटर बघून ठेवलंय." मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. पण अण्णांना घर सोडायचं नव्हतं, आणि काकू तर सेंटरचं नाव निघालं की उठून आत जायच्या.

आधी मेट्रोनोम लावून बघितला. म्हणजे एकाच वेगानं टिकटिक करणारं मोबाईलचं ॲप. "कुटं नळ गळतोय?" अण्णांनी विचारलं. मग फौजी माणूस आहे म्हणून लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट करून पाहिलं. त्यावर ते भडकलेच. "जल्मभर तेच केलं की. आता सोताच्या घरात संडासला जायला परेड करू व्हय?"

काही दिवसांनी त्यांनीच विषय काढला. "मॅडम, आमाला छावणीत इंग्रजी पिक्चर दावायचे. नाचाचे. जिन्यावरनं बाया उतरत्यात, बुटं वाजवत गडी येत्यात. हाय का त्ये तुमच्या फोनात?"

"इंग्रजी कळायचं का तुम्हाला?"

"गोष्टच नसती त्यात, तर कळायचं काय? एक येतो, नाचतो, जातो. मग दुसरा. डोक्याला ताप न्हाई."

मी शोधलं आणि टीव्हीवर लावलं. जुना हॉलिवूडचा पिक्चर, सगळा एका थिएटरातल्या कार्यक्रमावर. बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या ठोकलेला एक सडपातळ माणूस आला आणि फरशीवर टकटक, टकटक करत नाचायला लागला. अण्णांची पाठ ताठ झाली. त्यांनी खुर्चीचे हात धरले, उठले, आणि त्या टकटकीवर चालत निघाले. उंबऱ्यापाशी मी श्वास रोखला. त्यांनी पाय उचलला आणि पलीकडे टाकला. काकू "आगं बया" म्हणून खालीच बसल्या.

मग तोच आमचा व्यायाम झाला. मला असले पिक्चर ठाऊक नव्हते. पहिल्यांदा वाटलं, काय हा वेडेपणा? ओळीनं उभ्या बायका एकच पाय एकाच वेळी उचलतात, पिसांचे पंखे हलवतात, आणि कारण काहीच नाही. पण हळूहळू व्हिजिट संपली तरी मी बसून राहायला लागले. माझा सगळा दिवस अडखळणाऱ्या माणसांत जातो. तिथे एवढ्या उंच जिन्यावरून एवढी माणसं खाली न बघता उतरत होती आणि एकाचाही पाय चुकत नव्हता. मला ते बघताना फार बरं वाटायचं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अण्णा टीव्हीच्या आवाजावर बाथरूमपर्यंत एकटे जाऊन आले.

मुलगा आला, त्यानं मला मुद्दाम बोलावलं. मी पोचले तर घर माणसांनी भरलेलं. सुनेचे आईवडील फराळाला आले होते. टीव्हीवर भजन चालू. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आज त्यो नाच नगं. व्याही-विहीण बसल्यात. उघड्या मांड्यांच्या बाया बघून काय म्हनतील?"

"काकू, त्याशिवाय अण्णा चालणार नाहीत."

"आवं, तालच पायजे न्हवं? भजनाला काय कमी ताल हाय?"

ठेका त्यांच्या पायाला बसलेला लागतो, कुठलाही चालत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. आज मुलगा बघायला आलाय, हेही सांगितलं. काकू रडकुंडीला आल्या, पण हटल्या नाहीत. बाहेर येऊन मी अण्णांच्या कानाशी वाकले. "अण्णा, तुम्ही सांगा ना." त्यांनी व्याह्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. "ती म्हनती तसं करा."

निदान आवाज तरी मिळावा म्हणून मी माझ्या फोनवर तोच नाच बारीक लावून त्यांच्या खिशात ठेवला. ते आणखी वाईट झालं. टीव्हीवरचे टाळ एका लयीत, खिशातले बूट दुसऱ्या. भजन बंद करायला कोण धजावणार? अण्णा उठले, दोन्हीकडे ऐकत चार पावलं गेले, आणि चौकटीत थिजले. गुडघे थरथरायला लागले. व्याही भला माणूस. "बसवा त्यांना, कशाला त्रास देताय," म्हणाला. मुलानं काखेत हात घालून वडलांना खुर्चीत बसवलं. मग मला अंगणात सोडायला आला. "मॅडम, तुम्ही खूप केलंत," एवढंच म्हणाला. नाचाचा पिक्चर लावला की अण्णा चालतात, हे मी त्याला सांगितलं. दारातून आतलं भजन ऐकू येत होतं. तो ऐकून घेत होता, पण त्याचं ठरलं होतं.

आठवड्याभरात अण्णा पाचगणीला गेले. मी सेंटरला फोन करून पिक्चरची नावं दिली. "हो, लावू की," म्हणाले. हॉलमध्ये टीव्ही एक, माणसं पुष्कळ, आणि सगळ्यांना मालिका हव्या. व्हीलचेअरवर बसवलेला माणूस कामाला सोपा पडतो, हे मला त्यांनी सांगायची गरज नाही.

उन्हाळ्यात भेटायला गेले तेव्हा त्यांचे गुडघे आखडले होते. मी फोनवर त्यांचा आवडता नाच लावला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला. पाय हलले नाहीत. "चांगला हाय पिक्चर," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले. परतताना घाटात मी गाडी बाजूला लावून रडले. इतक्या वर्षांच्या कामात असं पहिल्यांदा झालं.

काकू परवा उंब्रजच्या बाजारात भेटल्या. घरात एकट्याच असतात.

"त्ये पिक्चर मी दिवसभर लावती आता. दार सताड उघडं टाकून."

"आणि कोणी आलं तर?"

"कोन येतंय? आनि आलं तर बघू दे की. लाज धरून काय राखलं मी?"

त्यांनी माझ्या पिशवीत मूठभर ओल्या शेंगा टाकल्या आणि कमरेवर हात ठेवून पुढे गेल्या.

आता नव्या पेशंटच्या घरी गेले की मी स्नायू आणि सांधे नंतर तपासते. आधी विचारते, पाहुणे आले की तुमच्याकडे काय बंद करतात?