सुकेळ्यांची पुडी

आज माझ्या नर्सिंगच्या वर्गात वटार गावच्या एका विद्यार्थिनीने सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणली. तिने केळीच्या सुक्या पानाची गाठ सोडली, तो मधासारखा वास आला आणि मला फिलोमिना सिस्टर आठवल्या.

माणिकपूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी नर्सिंगची डिग्री घेऊन इन्चार्ज म्हणून आले, तेव्हा त्या तिथे वीस वर्षं नर्सचं काम करत होत्या. लहान बाळाची शीर डोळे मिटून, नुसत्या बोटाने कशी शोधायची, हे मला त्यांनीच शिकवलं. नवा आयसीयू सुरू होणार होता आणि ट्रेनिंगसाठी नावं मी पाठवायची होती. दुपारी त्या सुकेळ्यांची पुडी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"बाय, माझं पन नाव दे. त्या मशिनी मला पन शिकायच्यात."

त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. ट्रेनिंगला आपल्या हॉस्पिटलचं हसं होईल, असं मला वाटलं. मी म्हणाले, "सिस्टर, वयाची अट आहे हो."

"असूं दे गो," म्हणत त्यांनी पुडी माझ्यापुढे सरकवली. "तू खा. सकाळपासून उभी हायस."

पुढे नियमच झाला, आणि ते ट्रेनिंग नसलेल्यांना साध्या वॉर्डातही ठेवेनात. सिस्टरना चादरींच्या खोलीत बसवलं. नव्या मुली त्यांना आयाबाईंसारखं 'मावशी' म्हणू लागल्या, आणि मी एकीलाही टोकलं नाही. बाळाची शीर सापडेना की मात्र आम्ही त्यांनाच बोलवायचो, आणि त्या हात पुसत यायच्या.

आता त्याच ट्रेनिंगचे अर्ज माझ्याकडे येतात. वयाची अट त्यात आजही नाही, तेव्हाही नव्हती.