दोन दिवसांची प्रयोगशाळा

मूल्यांकन समिती येणार म्हणून आमच्या कॉलेजात आठ सूक्ष्मदर्शक आले. टेम्पोतून उतरले तेव्हा प्रत्येकावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव होतं. शिपाई ब्लेडनं ते खरवडत होता आणि प्राचार्य बजावत होते, "काचेला ओरखडा नको. परवा परत द्यायचेत."

आष्टीकडच्या त्या विनाअनुदानित कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणीशास्त्र शिकवत होते. आमचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक आरसा फुटून पडलेला. तीन वर्षं मी फळ्यावर पेशी काढून "अशी दिसते" म्हणत आले. नवा मागितला की पैसे नाहीत. आता मात्र शाली, फेटे, आचारी, सगळं जमलं.

वर्गात एक मुलगी होती. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येऊन परीक्षा द्यायची. मुलांची गळती दिसली तर श्रेणी घसरते, म्हणून त्या महिन्यांतली तिची हजेरी लावायला मला सांगितलं गेलं. मी लावली.

समिती प्रयोगशाळेत आली. एका सदस्यानं नेमकं त्याच मुलीला बोलावलं. ती नळीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली.

"रक्ताच्या पेशी, सर! लई भारी दिसत्यात. मी पयल्यांदाच बघतीय."

"पहिल्यांदा? दुसऱ्या वर्षाला ना तू?"

"हाय की. पन हे तर कालच आलेत."

सदस्य माझ्याकडे वळले. "मॅडम?"

"ही फारशी येत नाही, सर," मी म्हणाले. "गैरहजर असते."

तिची शंभर टक्के हजेरी लावलेलं मस्टर समोर टेबलावर होतं. त्यांनी हात लांबवला असता तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. त्यांनी मान डोलावली, काहीतरी टिपलं आणि सगळे जेवायला गेले.

संध्याकाळी तिनं मला जिन्यात गाठलं. "मॅडम, तुमी खोटं कामून बोललात?"

"नोकरी जाईल म्हणून."

ती पाठ फिरवून जिना उतरून गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॉलेजला 'अ' श्रेणी मिळाली. अहवालात 'सुसज्ज प्रयोगशाळा' असं छापून आलं. तिला अंबाजोगाईच्या कॉलेजात जायचं होतं, पण ऑफिसनं दाखला अडवला: समितीसमोर बोललीस त्याचा आधी माफीनामा लिही. ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी मस्टर उचललं, तिला घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले.

"माफी कोणी मागायची, सर? हे मस्टर घेऊन विद्यापीठात जाते. माझ्या सह्या आहेत, मलाही काढू देत."

"मॅडम, तुम्ही संस्थेच्या मुळावर उठलात."

"दाखला द्या."

अर्ध्या तासात दाखला हातात पडला. जूनमध्ये माझं नेमणूकपत्र मात्र आलं नाही.

ती अंबाजोगाईला शिकते आहे. मी आष्टीत शिकवण्या घेते. कॉलेजच्या फाटकावर 'अ' श्रेणीचा भलामोठा फ्लेक्स लागलाय. प्रवेशाच्या दिवसांत पोरींचे बाप येऊन विचारतात, "मॅडम, सरकारी शिक्का हाय म्हनल्यावर चांगलंच असंल की?"

मी सांगते, शिक्का राहू द्या. समिती नसेल त्या दिवशी आत जा आणि पोरींना विचारा.