देवमन काकांची गोटी

देवमन तायडे रेल्वेच्या छोट्या लाइनीवर पॉइंटमन होते. एकतीस वर्षं त्यांनी रुळांचे सांधे बदलले आणि ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा दिला. लाइन एकेरी. गोळा हाती आल्याबिगर ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, म्हणजे समोरून दुसरी आदळत नाही, असा कायदा. ते रिटायर होऊन अमरावतीत आले, आणि मागून लाइनही बंद पडली.

मग पियुष भेटला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि नाद खेळण्याएवढ्या रेल्वेचा. अमरावती-अकोल्यात असे आठ-दहा नादिष्ट. ज्यानं-त्यानं घरी चार फुटी फळीवर आपलं स्टेशन बांधायचं. दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याच्या एका हॉलात सगळ्या फळ्या जोडायच्या, गाड्या फिरवायच्या, लोकांना दाखवायच्या. देवमनकाकांनी आठ महिने खपून आपलं जुनं स्टेशन बांधलं. मुरूम चाळून रुळाखाली पसरला, कापसाच्या गाठी कान साफ करायच्या काडीवरच्या बोळ्यांच्या केल्या.

फळी जोडली, तशी त्यांनी खिशातून काचेची निळी गोटी काढली.

"गोटी ज्याच्यापाशी, त्यानंच गाडी सोडायची. नाई त माह्या स्टेशनात गाडी घेनार नाई."

"काका, गाडी मोबाइलवर चालते," पियुष म्हणाला. "गोट्या खेळाले आलो का आपन?"

"मोबाइलले समोरची गाडी दिसते काय?"

शेजारची फळी प्रियदर्शनी मॅडमची. अकोल्यात शाळेवर शिकवतात. त्या म्हणाल्या, "आजचा दिवस पाहू. नाई जमलं त उद्या बंद."

एवढ्यावर ठरलं. त्या एका दिवसावर काकांचा कायदा टिकायचा होता.

सकाळ झकास गेली. गाडी आली की काका गोटी घ्यायचे, दोन पावलं चालून मॅडमच्या हातावर ठेवायचे, मग तिकडून दुसरी गाडी सुटायची. लोक गाडीपेक्षा गोटीच पाहायचे.

काकांसोबत त्यांची बायको दुर्गाबाईही आल्या होत्या; दुपारी त्यांना तिवश्याला लेकीकडे जायचं होतं. काका त्यांना एसटीत बसवायला गेले. तिवश्याला अमरावतीवरूनच जावं लागतं; अमरावतीची एसटी भरून आली, दुसरीची वाट पाहिली.

इकडे हॉलात गर्दी दाटली आणि मॅडमच्या स्टेशनात गाडी उभी. गोटी नाही. काकांचा फोन खुर्चीवर वाजत होता.

"सोडून द्या ना मॅडम," पियुष म्हणाला. "लोकं हासून राहिले."

"लाइन मोकळी हाये, दिसते मलेही," मॅडम म्हणाल्या. "पन सकाळी हो म्हनली ना मी? मंग थांबा."

पस्तीस मिनिटं गाडी उभी राहिली. चार माणसं कंटाळून निघून गेली.

काका आले. सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे कळलं, पण कारण कळेना.

"काहून थांबली गाडी?"

"तुमचा खिसा पाहा," पियुष म्हणाला.

काकांचा हात खिशात गेला तो तिथंच राहिला. गोळा खिशात घालून ड्यूटीवरून कोणी गेला असता, तर याच माणसानं त्याची सात पिढ्यांची आठवण काढली असती.

त्यांनी गोटी मॅडमपुढे धरली. "घ्या. माही ड्यूटी बंद करा. पियुष म्हनते तसं मोबाइलवर चालू द्या."

"असं कसं?" मॅडम म्हणाल्या. "आमी अर्ध्या घंट्याच्या वर लोकांच्या शिव्या कायले खाल्ल्या मंग?"

"पन चूक झाली न माही."

"झाली."

"मंग लेखी द्या."

मॅडमला आधी थट्टा वाटली. काकांचं तोंड पाहून त्यांनी वहीचं पान फाडलं: 'पॉइंटमन तायडे गोटी खिशात घेऊन एसटी स्टँडवर गेले. गाडी पस्तीस मिनिटं लेट. ताकीद.' काकांनी दोनदा वाचलं, खाली सही केली, घडी घालून फळीवरच्या आपल्या काडेपेटीच्या केबिनीत सरकवलं.

पियुषनं फळीच्या कडेला एक खिळा ठोकला. "काका, जेवाले जा, चहाले जा. पन गोटी इथं अडकवून जा."

"खिळ्याले गोटी कशी अडकन बे?"

मॅडमनं पर्समधून चिल्लर ठेवायची कापडी पिशवी रिकामी केली. काकांच्या हातची गोटी तीत घातली, पिशवी खिळ्याला अडकते हे पाहिलं, अन् ती हाती धरून गाडी सोडली.