चौकशीला कुणी आलंच नाही

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. तासगावची गाडी कुठल्या फलाटावर लागली, आष्ट्याची अजून का आली नाही, हे सगळ्या जगाला माईकवरून ओरडून सांगायचं, हेच माझं काम. निवृत्त झालो, माईक गेला, सवय राहिली. मग हातात चांगला फोन आला. त्यातल्या नकाशावर प्रत्येक दुकानाखाली आपला अभिप्राय लिहिता येतो आणि तारेही देता येतात हे कळलं, आणि माझी गाडी परत सुरू झाली.

सांगलीतल्या भेळेच्या गाड्यापासून साताऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानापर्यंत मी कुणाला सोडलं नाही. एका शिंप्याने पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब शिवला, त्याला एक तारा दिला आणि पुरावा म्हणून माझ्याच दोन्ही पायांचा फोटो लावला. लोणंदला एका लग्नात मठ्ठा पातळ लागला, तर पंगतीतून उठायच्या आत मंगल कार्यालयाखाली तसं लिहून मोकळा झालो. सगळीकडे माझं पूर्ण नाव आणि सफारीतला फोटो. निनावी लिहिणं मला भ्याडपणाचं वाटायचं. "हे सगळ्या गावाला सांगायची काय गरज आहे, बाबा?" असं मुलगी विचारायची, बायकोने तर विचारणंच सोडलं होतं. मी म्हणायचो, "खरं बोलायला लाज कसली?" आमच्या घरात आजवर बोललं गेलेलं सगळ्यात मूर्ख वाक्य ते हेच, आणि ते माझ्या नावावर आहे.

अशात लोणंदचं स्थळ आलं. मुलगी सांगलीत शाळेत शिकवते, मुलगा साताऱ्यात नोकरीला. दोघं दोनदा भेटली होती आणि एकमेकांना पसंत होती. दुसऱ्यांदा भेटून आली तेव्हा ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. ते ऐकून मला भीतीच वाटायला लागली, की आता हे मोडलं तर काय. राहिली होती फक्त चौकशी. आमच्याकडे पाहुणे एकदम घरी येत नाहीत. त्यांचा एखादा चुलता न सांगता गल्लीत येतो, कोपऱ्यावर दाढी करून घेतो, टपरीवर चहा पितो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "माणसं कशी आहेत हो?" पुतणीच्या लग्नाच्या वेळी मी स्वतः आष्ट्यात एकाच सकाळी दोन दुकानांत दाढी केली होती. दुसऱ्या न्हाव्याला काय भादरावं ते कळेना.

तेव्हा मी सगळी नाकेबंदी करून टाकली. न्हाव्याला सांगितलं, टपरीवाल्याला सांगितलं, दुधवाल्याशी आठ दिवस एका शब्दाने भांडलो नाही. सकाळी सकाळी देवळातही जाऊ लागलो, तेही गल्लीतून सगळ्यांना दिसेल अशा बेताने. पण बारा दिवस झाले तरी कुणी अनोळखी माणूस दाढीला फिरकला नाही.

शेवटी मी मध्यस्थाला फोन केला. तो म्हणाला, "आवं, चौकशी कवाच झाली! त्यांनी फोनात तुमच्या नावावर बोट ठेवलं, तुमी लिवल्यालं समदं एका वळीनं खाली आलं. समदं घर बसून वाचतंय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला वाटायचं शिंप्याचं शिंप्याखाली राहतं आणि मठ्ठ्याचं कार्यालयाखाली. कुणी एकाच बैठकीत मला सबंध वाचेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. मी स्वतः पहिल्यापासून वाचायला बसलो. दहा मिनिटांत खात्री पटली की असा व्याही मीही केला नसता. मग सबंध दुपार एक तारा, दोन तारे दिलेलं सगळं पुसत बसलो. पाच ताऱ्यांचं मात्र तसंच ठेवलं. म्हटलं, चांगुलपणाचा दाखला असू द्यावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाच्या चुलत्याचा फोन आला. मी सवयीप्रमाणे स्पीकर लावला. मुलगी समोरच वह्या तपासत बसली होती.

"पावणं, रागावू नका," ते म्हणाले. "शिंप्याचं वाचून आमी लय हसलो. आन् मठ्ठा खरंच पातळ व्हता, त्या लग्नात आमीबी व्हतो."

माझा जीव भांड्यात पडला.

"पर त्या चामडीच्या डॉक्टराबद्दल लिवलंय न्हवं... ते ह्याच पोरीचं का? घरात बाया इचारत्यात."

मी स्पीकर बंद करायला गेलो, तर घाबरून आवाजच वाढवला.

मुलीच्या पाठीवर कोडाचे डाग आहेत. हे इथे लिहितोय ते तिला विचारून. दोन ओळी तिने काढायला सांगितल्या, त्या काढल्या आहेत. त्या डॉक्टरांच्या औषधाने डाग वाढायचे थांबले, तेव्हा मला रडू आलं होतं. त्याच भरात दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी पाच तारे दिले होते. डाग कुठे आहेत, कॉलेजच्या कितव्या वर्षी दिसले, मुलीचं वय, सगळं सविस्तर. शंभरावर लोकांनी अंगठे दिले होते, आणि ते मी नातेवाइकांना दाखवतही फिरलो होतो.

चुलत्यांना काहीतरी सांगून फोन ठेवला. मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याला काही वाटलं नाही. त्याच्या आईला मी स्वतः सांगणार होते. समोर बसून."

"अगं, डॉक्टरांचं भलं व्हावं म्हणून..."

"मला विचारलंत?"

मी फोन उचलून तो मजकूर शोधू लागलो.

"डाग कळले त्याचं काही नाही, बाबा. मी ते लपवत नाही. पण कुणाला, कधी सांगायचं, हे माझं होतं ना?"

मी ते पुसलं. पुसून काय होणार होतं, लोणंदमध्ये एव्हाना सगळ्यांचं पाठ झालं असेल. त्या रात्री जेवण गेलं नाही. तिचं स्थळ आपणच घालवलं, तेही कौतुक करून, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला, मुलीच्या फोनवर. तिने आत जाऊन दार लावलं. मी दाराजवळ गेलो, तसाच मागे फिरलो आणि अंगणात जाऊन सकाळी पाणी घातलेल्या जास्वंदीला पुन्हा पाणी घातलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. डोळे ओले होते, पण हसत होती.

"रविवारी येताहेत. सगळे."

माझा हात आपोआप खिशात गेला. तासगावची बहीण, स्टँडवरचे जुने सोबती, भावकीचा ग्रुप, सगळे डोळ्यांपुढे आले. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी हात रिकामाच बाहेर काढला.

तेवढ्यात बायको बाजारातून आली. आमची तोंडं पाहून तिने पिशवी खाली ठेवली आणि मला विचारलं, "काय झालं? आला का फोन?"

"तिला विचार," मी म्हणालो.