पेठेपासून लपवलेला खेळ

सन २०१८. मी एकाहत्तर वर्षांचा, तालमीच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. कोल्हापुरात आमच्या सरावाचा व्हिडिओ काढायला मीच बंदी घातली होती. पलीकडची पेठ आमचे डाव शिकेल म्हणून.

सराव संपला. आमचा फॉरवर्ड सूरज बूट पिशवीत कोंबून फौंड्रीच्या पाळीला निघाला. त्याचे दमलेले पाय मी बघत राहिलो.

कॉम्प्युटरवर काम करणारी माझी नात म्हणाली, "आबा, पंचविशीचा झाला तो. आता मोठ्या क्लबवाल्या कुणी व्हिडिओत बघितला नाही, तर संपलंच. पेठेपासून लपवता लपवता तुम्ही त्याला जगापासून लपवलं."

"चौथी शिकलोय, पण फुटबॉल मला शिकवू नगंस."

बोललो खरा, पण जोर नव्हता. गावात असे पाय किती, घरोघर कॉम्प्युटर किती! दोघांची गाठ पडायची, तर मीच आडवा उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे धरत मी तालमीच्या गच्चीवर चढलो आणि मैदान पुरं कुठून दिसतं, ते नातीला दाखवलं.