मामांच्या कानाचं मशीन

आपल्याला कमी ऐकू येतं, ही गोष्ट अख्ख्या इंदापूर तालुक्यात फक्त माझ्या डाळजच्या थोरल्या मामांनाच माहीत नव्हती. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवून त्यांचे कान केव्हाच गेले होते, पण कुणी तसं सुचवलं की मामा शांतपणे म्हणायचे, "मला समदं ऐकू येतंय. लोकांनीच बोलायचं कमी केलंय." समोरच्यानं काय विचारलं असेल याचा अंदाज बांधून ते इतक्या ठामपणे उत्तर द्यायचे, की विचारणाऱ्यालाच आपला प्रश्न चुकला असं वाटावं. माझ्या मामेबहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी किती शिकलीय?" मामांनी समोरच्या उसाकडे हात केला. "आडसाली लागण हाय. सोळा म्हयनं झालं, तोडीलाच आलीय." पाहुणेही ऊसवालेच, पोट धरून हसले आणि तिथंच लग्न जमलं. एकदा भिगवणच्या डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर येते का?" मामांना ऐकू आला दुधाचा टँकर. "येतो की! सकाळी सातला, आन सांजच्याला साडेसहाला." इतकी वक्तशीर चक्कर डॉक्टरांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ते गोळ्या लिहायला लागले तेव्हा शेजारी बसलेल्या मामीनं हसत हसत खुलासा केला.

खरं तर मामांचे कान म्हणजे मामीच. कुणी काही बोललं की ती त्यांच्या डाव्या कानाशी वाकायची आणि अर्धं तोंडानं, अर्धं हातांनी सगळं पोचवायची. पुण्याहून आलेली मुलं कानाच्या मशीनचा विषय काढायची. मामा म्हणायचे, "मशिनं रानात चालवायची, कानात न्हाय."

मग मामीच विसरायला लागली. आधी आमटीत दोनदा मीठ पडलं. नंतर एके दिवशी आपल्याच ओट्यावर उभी राहून ती म्हणाली, "चला, आता घरी जाऊ." बारामतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि हे मागं फिरणारं दुखणं नाही, हेही सांगितलं. हळूहळू मामीच्या तोंडी एकच प्रश्न उरला, "पोरं साळंतनं आली का?" पोरं पुण्यात, पन्नाशीला टेकलेली. ती मात्र दिवसभर दाराकडे बघत विचारत राहायची. मी बायकोला म्हणालोही, "मामांचं एक बरंय, त्यांना ऐकूच येत नाही."

मामांचं बरं नव्हतं. एका दुपारी ते एकटेच एसटीनं बारामतीला आले आणि माझ्या दारात उभं राहून म्हणाले, "ते कानाचं मशीन कुठं मिळतं, तितं चल." मी कागदावर लिहून विचारलं, "आता कशाला?" त्यांनी ते वाचलं आणि खाली बघत म्हणाले, "ती कायतरी इचारती. तोंड हलतंय, मला उमजत न्हाय. मी गप बसलो की तिला वाटतं मी रागावलोय. काल कोपऱ्यात बसून रडत व्हती."

मशीन बसवलं तेव्हा ते आधी पंख्याच्या आवाजानं दचकले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "एवढं बोंबलतंय व्हय गाव?"

त्यानंतर डाळजला गेलो, की मी ओट्यावर बसून त्या दोघांचं बोलणं ऐकायचो.

"पोरं साळंतनं आली का?"

"येत्यात. शेवटचा तास खेळाचा हाय आज."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. "येत्यात. गुरुजींनी थांबवलंय." मग, "येत्यात. चिंचंखाली खेळत बसली असतील." एकदा मी म्हटलं, "मामा, दर वेळी वेगळं कशाला? एकच उत्तर द्या की." ते म्हणाले, "तिचा सवाल दर खेपंला नवा असतोय. मग माझं उत्तर शिळं कसं चालंल?"

गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून मामांकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं पदर सावरून अदबीनं विचारलं, "तुमी कुणाकडचं पाव्हणं?"

मला वाटलं, मामांना ऐकू आलं नसावं. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसं असावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी कानातलं मशीन जरा चाचपलं.

"हितलाच हाय मी," ते म्हणाले. "डाळजचाच."

"मग उपाशी जाऊ नगा. दोन घास खाऊन जावा."

मामा उठले. हौदावर हातपाय धुऊन आले आणि परक्याच्या घरी बसावं तसे अवघडून पाटावर बसले. मामीनं ताट पुढं ठेवलं. एक भाकरी संपल्यावर तिनं आग्रहानं दुसरी वाढली. मामांनी ती मान खाली घालून, सावकाश, सगळी खाल्ली.