गोधडीच्या नावाखाली

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि उन्हाळ्यात ज्याच्याकडे सांबार त्याच्याभोवती बाजार. हिंगणघाटच्या बाजारात मी आणि माझी थोरली जाऊ एकाच पोत्यावर बसतो. शेताच्या वाटण्या झाल्या, पोतं तेवढं सामाईक राहिलं. गिऱ्हाईक मात्र आधी तिच्याकडे वळतं. तिचा हात सढळ आणि माझी जीभ.

पूर्वी चैत्रातही पाणी दिलं की सांबार तरारायचा. आता होळी झाली की ऊन असं चढतं, सकाळी भिजवलेला वाफा दुपारी पिवळा. लागोपाठ दोन उन्हाळे दोघींचाही जळाला.

यंदा गिरडहून येताना एका शेतात वाफ्यावर बांबू रोवून जुन्या साड्या ताणलेल्या दिसल्या. खाली सांबार हिरवागार. तिथल्या बाईनं हातचं न राखता सांगितलं, साडीनं उन्हाचा ताव अडतो, हवा खेळती राहते, पाणी मात्र दिवस बुडाल्यावरच द्यायचं, भर उन्हात दिलं तर मुळं उकडून जातात. परक्या बाईनं मला सांगितलं आणि मी घरच्या बाईला सांगितलं नाही. एक उन्हाळा तरी गिऱ्हाईक आधी माझ्याकडे यावं, एवढीच हाव. लिहितानाही लाज वाटते.

वाफा मुद्दाम घरामागच्या वाडीत, तुराट्यांच्या कुंपणाआड घेतला. साड्या कमी पडल्या, तर निर्लज्जासारखी तिच्याकडेच गेले.

"बाई, जुन्या साड्या हायेत का? गोधडी शिवाची हाय."

"हायेत न. पेटीत पडून राह्यल्या." तिनं एकेक साडी हातात चुरून पाहिली आणि मऊ तेवढ्या निवडून दिल्या.

माझा सांबार आला. बाजारात माझ्यापुढे गर्दी, आणि ती वांग्यांचं टोपलं बाजूला सारून माझ्या जुड्या बांधून देत होती. बांधता बांधता म्हणाली, "तुयाच सांबार काऊन नाई जळला वं? माया त अर्धा गेला."

"दुपारी बी पाणी देऊन राह्यली ना मी," मी ठोकून दिलं.

मग एक दिवस ती मला शोधत थेट वाडीत आली. चोराच्या मनात चांदणं. तिनं काही विचारायच्या आधीच मी "गोधडी मंग शिवीन" म्हणून बसले. ती वर बघत होती. तिची एक साडी उन्हानं विरून फाटली होती आणि त्या भोकाखालचा सांबार करपला होता. ती आल्या पावली परतली. आता आळीभर होणार, असं मी धरूनच चालले.

संध्याकाळी ती दोन जाड लुगडी घेऊन आली.

"गोधडीले मऊ लागते म्हणून मऊ देल्ल्या होत्या. उन्हापुढं त्या काय टिकतीन? सांगतलं असतं त जाड देल्ल्या असत्या."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला माझ्याकडे उत्तर असतंच. मी बांबू उपटले, तीच लुगडी उचलली आणि म्हटलं, "चला बाई, तुमच्या वाफ्यावर बांधू."

तिचा वाफा ओलाच होता. माझ्या सांगण्यावरून ती रोज दुपारी पाणी देत होती. झाकायला खाली काहीच उरलं नव्हतं.